जबडा कुणाचा होता?

चित्रपट संपून दिवे लागले तेव्हा शेजारी बसलेला मित्र एवढंच म्हणाला, "तो जबड्याचा सीन बघितलास?"

बघितला होता. झॉम्बी एका माणसाच्या तोंडात दोन्ही हात घालून खालचा जबडा उपटतो, तो सीन. आधी ओठांचे कोपरे ताणले जातात, मग गालाची कातडी कानाच्या दिशेने उसवत जाते, मग सांधा निखळल्याचा ओला 'कट्' ऐकू येतो. जबडा गेल्यावर जीभ तशीच लोंबत राहते आणि माणूस अजून काहीतरी बोलू बघत असतो. थिएटरात आधी एकसाथ 'ईऽऽ' झालं आणि लगोलग टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू?

जिना उतरता उतरता मी सहज विचारलं, "पण जबडा होता कुणाचा?"

मित्र दोन पायऱ्या खाली जाऊन थांबला. "तो सैनिक नव्हता का? दाढीवाला?" दाढीवाला त्याच्या बराच आधी, हेलिकॉप्टरपाशी मेला होता. "मग तो दुसरा असेल." दुसरा म्हणजे कोण, हे दोघांनाही सांगता येईना. पावणेदोन तास ज्या माणसांसोबत अंधारात बसलो होतो, त्यांतल्या एकाचंही नाव आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हतं. एक प्रयोगशाळा होती, एक विषाणू होता, सैनिकांची एक तुकडी होती, शास्त्रज्ञाची एक मुलगी होती. ती का पळत होती हे मध्यंतरापर्यंत लक्षात होतं.

यावरचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. झॉम्बीपटाला जाऊन कथा कसली शोधतोस? डोकं घरी ठेवून जायचं आणि मजा करायची. समीक्षकही हेच जरा सभ्य शब्दांत सांगतात: कथा यथातथाच, पण इफेक्ट्स अव्वल, या प्रकाराच्या चाहत्यांनी चुकवू नये. म्हणजे एका पारड्यात कथा, दुसऱ्यात रक्त, आणि एकीकडे कमी पडलं तर दुसरीकडे भरून काढायचं.

मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. रक्ताचं मला वावडं नाही. कॉलेजात असल्यापासून मी हे चित्रपट चवीने बघत आलोय, आणि हा लेख रक्तपाताच्या बाजूनेच लिहितोय. कच्च्या कथेने प्रेक्षकाचं नुकसान होतं ते पावणेदोन तासांचं. खरा घात होतो तो जबडा बनवणाऱ्यांचा.

चित्रपटात एका माणसाने दुसऱ्याच्या दंडाचा लचका तोडायचा, एवढ्याशा गोष्टीमागे काय असतं ते बघा. आधी नटाच्या हाताचा साचा घेतात. त्यावरून सिलिकॉनची नाहीतर फोम लेटेक्सची, म्हणजे स्पंजासारख्या मऊ रबराची, खोटी कातडी ओततात. तिच्या कडा इतक्या पातळ ठेवाव्या लागतात की खऱ्या कातडीत कुठे मिसळल्या ते कळू नये. खाली रक्ताची बारीक नळी दडवतात. रंग थराथराने चढतो: खाली निळसर शिरा, त्यावर लाली, त्यावर पिवळट छटा, कारण माणसाची कातडी कधीच एकरंगी नसते. गरज असेल तिथे लव एकेक करून टोचून बसवतात. मग चावणाऱ्याने नेमक्या आधीच चिरून ठेवलेल्या तुकड्यालाच दात लावायचे आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर पालथ्या पडलेल्या कुणीतरी पंप दाबायचा. दाब कमी पडला तर रक्त ओघळतं, जास्त झाला तर कारंजं होतं, आणि कारंजं झालं की लोक हसतात. रक्ताचंही एक शास्त्र आहे. अमेरिकेतला नावाजलेला मेकअप कलावंत डिक स्मिथ याने कॉर्न सिरप म्हणजे मक्याचा पाक आणि खाण्याचे रंग यांवर बसवलेली कृती पुढच्या कित्येक पिढ्यांनी वापरली. ती जमण्याआधी पडद्यावरचं रक्त बऱ्याचदा रंगाच्या डब्यासारखं दिसायचं. एवढ्या सगळ्या खटाटोपातून पडद्यावर उरतात दोन-तीन सेकंद.

आता हे दोन-तीन सेकंद ज्या माणसावर खर्च झाले तो कोण, हेच आपल्याला माहीत नसेल, तर आपण पाहिलं ते काय? उत्तम बनवलेलं सिलिकॉन. त्याला टाळ्या द्याव्यात, मी दिल्याच, पण त्या जादूगाराला देतो तशा टाळ्या आहेत. 'कसं केलं असेल बरं' हे कुतूहल त्यांत असतं. भीती त्यांत नसते. आणि कारागिराने ते सिलिकॉन कातडीसारखं दिसावं म्हणून जीव काढला होता. प्रेक्षकाला ते सिलिकॉन म्हणून आवडलं तर कारागीर हरला, आणि हरवलं त्याला पटकथेने.

झॉम्बीच्या बाबतीत तर हे आणखीच खरं आहे, कारण झॉम्बी हा प्राणी मुळात रक्तातून आलेलाच नाही. तो हैतीतून आला. फ्रेंच वसाहतीच्या काळात तिथल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम मरेस्तोवर राबत. मेल्यावर तरी सुटू, ही गुलामाची शेवटची आशा. झॉम्बी म्हणजे ज्याच्याकडून तीसुद्धा काढून घेतली आहे असा माणूस. मेला तरी उठवून कामाला जुंपलेला. 1915 ते 1934 अमेरिकेने हैती ताब्यात ठेवलं होतं. त्या काळातल्या प्रवासवर्णनांतून हा झॉम्बी अमेरिकेत पोचला आणि 1932 साली बेला लुगोसी या नटाच्या 'व्हाइट झॉम्बी'त पडद्यावर आला. त्यात साखर कारखान्याचा एक प्रसंग आहे. झॉम्बी मजूर डोक्यावर टोपल्या घेऊन एका रांगेत चालताहेत, खाली बाकीचे झॉम्बी भलंमोठं चाक फिरवताहेत. एकाचा तोल जातो आणि तो चरकात पडतो. रांग थांबत नाही. चाक फिरवणारे मान वर करून बघतही नाहीत. चाकाचं करकरणं तेवढं चालू राहतं.

रक्ताचा एक थेंब दाखवलेला नाही. नव्वदहून जास्त वर्षं झाली, आणि आमच्या जबड्याने जे केलं नाही ते हा चरक अजून करतो. कारण चरकात कोण पडला हे तिथेही माहीत नाही, पण तिथे ते माहीत नसणं हीच गोष्ट आहे. त्याचं नाव पुसलं गेलंय म्हणून तर अंगावर काटा येतो. आमच्या चित्रपटात नाव पुसलेलं नव्हतं, ठेवायचंच राहून गेलं होतं.

माणसं खाणारा झॉम्बी आला तो 1968 साली, दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये. गंमत म्हणजे त्या चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्द कुणी उच्चारतच नाही. एक लाखाच्या थोड्या वर डॉलरमध्ये, पिट्सबर्गच्या आसपास, बहुतेक ओळखीपाळखीची माणसं जमवून केलेलं हे काम. चित्रपट कृष्णधवल, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप खपून गेलं. आजचा होतकरू मेकअप कलावंत तो बघून गालात हसेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

पण त्यातली तळघरातली मुलगी आठवा. झॉम्बींनी वेढलेल्या शेतघरात अडकलेल्या माणसांमध्ये वाद पेटलाय: बेन म्हणतो वर थांबून दारं-खिडक्या ठोकून घ्यायच्या, कूपर म्हणतो तळघरात जाऊन कडी लावायची. दोघंही हेकट, दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य. खाली तळघरात कूपरची चावा बसलेली लहान मुलगी निपचित पडली आहे आणि तिची आई वर-खाली करते आहे. शेवटी आई खाली येते तेव्हा मुलगी उठलेली असते आणि बापाला खात असते. मग ती भिंतीवरची गवंड्याची थापी उचलते आणि आईकडे वळते. आई मागे सरकते, पडते, किंचाळते, पण मुलीवर हात उगारत नाही. तिथे सिरपचा डाग कसा दिसतो याकडे कुणाचं लक्षच जात नाही, कारण तोवर आपण त्या आईच्या मागोमाग दहा वेळा तो जिना उतरलेले असतो.

आणि तो तळघराचा वाद! रात्रभर ज्या तळघराला बेन मृत्यूचा सापळा म्हणत होता, त्याच तळघरात लपून तो एकटा वाचतो. सकाळी मदतीला आलेली बंदूकधारी टोळी त्याला झॉम्बी समजून, म्हणजे नीट न बघताच, गोळी घालते. बेन कृष्णवर्णीय आहे. चित्रपट लागला तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. संवादांत याचा कुठेही उल्लेख नाही. शेवटी नुसती भरड छायाचित्रं येत राहतात, आकड्याने ओढून नेलेल्या प्रेताची.

'म्हणजे स्वस्तातलं आणि जुनं तेवढं चांगलं' असं मला म्हणायचं नाही. पैसा आणि कौशल्य दोन्ही हाताशी असताना काय होतं याचं उदाहरण रोमेरोनेच 1985 मध्ये 'डे ऑफ द डेड'मध्ये दिलं. इफेक्ट्स टॉम सॅव्हिनीचे. हा माणूस व्हिएतनाममध्ये लष्करी छायाचित्रकार होता, त्यामुळे शरीर फुटतं म्हणजे काय होतं हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यातला कॅप्टन ऱ्होड्सचा शेवट या प्रकारातल्या कारागिरीचा मानदंड मानतात: झॉम्बींचा घोळका त्याला कमरेतून दोन तुकड्यांत फाडतो आणि त्याचे पाय आतड्यांसकट ओढत नेतो. आतडी खरी होती, डुकराची; चित्रीकरणाला मधे सुटी होती तेव्हा ती ठेवलेला फ्रिज बंद राहिला आणि सेटवर अशी दुर्गंधी सुटली की माणसांना उभं राहवेना. हा किस्सा भयपटांचे शौकीन एकमेकांना हौसेने सांगतात.

पण तो प्रसंग लोकांच्या लक्षात राहिला तो आतड्यांमुळे नव्हे, बबमुळे. बब हा प्रयोगशाळेत साखळीला बांधलेला झॉम्बी. एक शास्त्रज्ञ त्याला माणसाळवतोय. बबला दाढीचा वस्तरा आठवतो, टेलिफोन आठवतो, कानाला लावलेलं संगीत ऐकून त्याचा चेहरा बदलतो. गणवेश दिसला की हात आपोआप सलामाला उठतो, आणि ऱ्होड्स त्या सलामाला उत्तर द्यायचं नाकारतो. पुढे ऱ्होड्सच त्या शास्त्रज्ञाला मारतो. साखळीतून सुटलेल्या बबला त्याचं प्रेत सापडतं आणि ते अर्धसडलेलं तोंड रडायचा प्रयत्न करतं. म्हणून शेवटी बबने पिस्तूल उचलून ऱ्होड्सला गाठणं, दार उघडल्यावर घोळका ऱ्होड्सवर तुटून पडणं आणि बबने दुरून त्याला सलाम ठोकणं हे सगळं एकाच धाग्याचं टोक आहे. ते फाटणारं धड सॅव्हिनीने बनवलं खरं, पण ते फाटावं असं आपल्याला वाटायला लावलं पटकथेने. हा चित्रपट मधे बराच बडबडा आहे, आणि त्या काळी तो आधीच्या भागांइतका लोकांना रुचलाही नाही. तरी ऱ्होड्स कोण, हे बघणाऱ्याला वर्षांनंतरही सांगता येतं.

इथे एक हरकत येते, आणि ती वजनदार आहे. भय नकोच असेल तर? रक्ताचा नुसता धुडगूस, चेष्टा, अतिरेक हाच ज्याचा हेतू आहे अशा चित्रपटाला कथेची सक्ती कशाला? दिग्दर्शक पीटर जॅक्सनचा 1992 चा 'ब्रेनडेड' घ्या. नायक गवत कापायचं यंत्र छातीशी धरून झॉम्बींनी खचाखच भरलेल्या घरात शिरतो आणि पुढची काही मिनिटं पडद्यावर लाल चिखलाशिवाय काही उरत नाही. लोक पोट धरून हसतात. इथे कसली आली कथा?

मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. पुन्हा बघताना ध्यानात आलं की तो सगळा चित्रपट एका घोड्याएवढ्या मुलाचा आहे, ज्याला त्याची आई पदराखालून सोडत नाही. ती झॉम्बी होते तरी तो तिला तळघरात दडवून तिचं सगळं करत राहतो, चारचौघांत लाज जायला नको म्हणून. आणि शेवटी ती आई राक्षसाएवढी होऊन करते काय, तर त्याला उचलून परत पोटात घालते! तो आतून तिचं पोट फाडून बाहेर येतो. यापेक्षा घाणेरडा प्रसंग शोधून सापडायचा नाही, आणि यापेक्षा चोख शेवटही. मुलगा दुसऱ्यांदा जन्मला, या वेळी स्वतःच्या हाताने. तिथली घाण हीच कथा आहे; घाण काढली तर सांगायला काही उरत नाही. म्हणजे धुडगूस घालायचा तरी धागा लागतो. कथा गंभीर असावी, लांब असावी, संदेश देणारी असावी असं माझं मागणं नाहीच. 'आईला मुलगा सोडवत नाही' एवढी एक ओळ पुरते, फक्त ती रक्तात शेवटपर्यंत दिसली पाहिजे.

आमच्या चित्रपटात ती एक ओळसुद्धा नव्हती. होतं ते असं: आधी प्रसंग ठरले (जबडा, हेलिकॉप्टर, लिफ्टमधला पूर), मग त्यांना जोडायला माणसं पळवली. हे बघताना कळतं. माणसं मूर्खासारखी वागायला लागतात, कारण पुढचा प्रसंग घडायला कुणीतरी मूर्खपणा करणं गरजेचं असतं. दार उघडं राहतं. कुणीतरी 'मी एकटा जाऊन बघतो' म्हणतो. आणि नियम वाकतात. एका सैनिकाला चावा बसल्यावर तो बारा सेकंदांत बदलला, मी मोजले. शास्त्रज्ञाला चावा बसला तेव्हा त्याने मुलीला लहानपणीची आठवण सांगितली, माफी मागितली, कुलपाचा आकडा सांगितला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मग कुठे त्याचे डोळे पांढरे झाले. विषाणूलाही माणसाचा हुद्दा कळतो म्हणायचा. हा बारीकसारीक खुसपटपणा वाटेल, पण भीती नियमांवरच उभी असते. बारा सेकंद म्हणजे बारा सेकंद, हे पक्कं असेल तर पुढच्या प्रत्येक चाव्यानंतर प्रेक्षक मनात मोजायला लागतो. नियम एकदा मोडला की तो मोजणं सोडतो आणि मोबाइल बघायला लागतो.

असं का होतं, याचं कारण मला तरी उघड दिसतं. जबडा दहा सेकंदांत दाखवता येतो, बब येत नाही. जाहिरातीत, मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांत जबडा चालतो. बबचा सलाम कापून काढला तर त्यात काहीच उरत नाही, कारण त्याचं वजन आधीच्या तासाभरात आहे. म्हणून पैसा जबड्याकडे वाहतो. पण पैसा तिकडे वाहिला म्हणजे काम होतंच असं नाही, हे मोठ्या स्टुडिओंनाही ठाऊक आहे. 2013 च्या 'वर्ल्ड वॉर झी'चा शेवट आधी मॉस्कोत, प्रचंड लढाईचा चित्रित झाला होता. तो बघून निर्मात्यांच्या लक्षात आलं की हे जमलेलं नाही. नवे लेखक आणले, शेवटचा भाग नव्याने लिहिला, पुन्हा चित्रित केला. ज्या चित्रपटात झॉम्बींचे डोंगर भिंतींवर चढतात, तो आता एका प्रयोगशाळेच्या शांत मार्गिकेत संपतो, जिथे एक माणूस झॉम्बींच्या मधून हळूहळू चालत जातो. चित्रपट थोर नाही. पण ती मार्गिका त्यातला सर्वांत श्वास रोखायला लावणारा भाग आहे, आणि डोंगरांच्या तुलनेत तिला खर्च काहीच आला नसणार.

दुसरा दोष आपला, बघणाऱ्यांचा आणि लिहिणाऱ्यांचा. रक्त मोजायची आपल्याला सवय लागली आहे. ब्रिटनमध्ये 1980 च्या दशकात रक्तरंजित व्हिडिओंविरुद्ध मोठी ओरड झाली आणि 1984 मध्ये व्हिडिओंच्या प्रमाणपत्रांचा कायदाच आला. तेव्हा नीतिरक्षक रक्त मोजत होते: किती, कुठून, किती वेळ. आज चाहते तेच करतात, फक्त वजाबाकीच्या जागी बेरीज करतात. रक्त कुणाचं, हे दोघंही विचारत नाहीत. समीक्षेत 'इफेक्ट्सला पाचपैकी साडेचार, कथेला एक' असे वेगळे गुण देणं मला म्हणूनच खटकतं. कथेला एक असेल तर इफेक्ट्सना साडेचार मिळूच शकत नाहीत. त्यांतले किमान दोन पटकथेने खाल्लेले असतात, आणि हे छापून सांगायला हवं, कारण पुढच्या वेळी मेकअपच्या माणसांना त्याचाच आधार होईल.

मला तो जबडा काही सोडवत नव्हता. काही महिन्यांनी चित्रपट घरबसल्या बघायला मिळाला तेव्हा मी रिमोट घेऊन बसलो आणि त्या माणसाला सुरुवातीपासून शोधत आलो. सापडला. ट्रकमध्ये मागे बसलेला, खिडकीकडे तोंड केलेला. त्याला अख्ख्या चित्रपटात एकच वाक्य आहे: "दार लावून घ्या, मी आलोच." हे म्हणताना तो किंचित हसतो आणि त्याचा खालचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला दिसतो. मग मी जबड्याच्या सीनवर गेलो आणि एकेक चौकट पुढे सरकवत गेलो. झॉम्बीच्या मुठीतला जबडा सबंध प्रकाशात येतो त्या एका चौकटीत तोच दात आहे, तसाच शेजारच्यावर चढलेला. कुणीतरी त्या नटाच्या तोंडात बारकाईने बघितलं होतं आणि साचा घेताना तो वाकडा दात सरळ होऊ दिला नव्हता.

श्रेयनामावलीत त्याच्यापुढे 'पहारेकरी 3' असं लिहिलंय.